एस्पेरांतो मातृभाषा गिळायला आलेली नाही

‘जगाची एकच भाषा करून बाकीच्या मारायच्या, म्हणून एस्पेरांतो ही कृत्रिम भाषा काढली,’ हे अजूनही ठासून सांगितलं जातं. साफ चूक! वॉर्सातले डोळ्यांचे डॉक्टर झामेनहोफ यांनी १८८७ मध्ये ती मांडली, ती सगळ्यांची दुसरी भाषा म्हणून. १९०५ मध्ये फ्रान्समधल्या बुलोनला भरलेल्या एस्पेरांतो संमेलनाच्या जाहीरनाम्यात तर लेखीच आहे, की कुणाची भाषा हटवायचा इरादा नाही. सोलापूरकरांना हे वेगळं कशाला समजवायचं? पूर्व भागात घरी तेलुगू, बाजारात मराठी, अक्कलकोटच्या पाहुण्याशी कन्नड; कुणाची भाषा बुडाली? एस्पेरांतोचं व्याकरणही झकास सोपं: नाम ‘ओ’ने संपतं, विशेषण ‘आ’ने. ‘बोना’ म्हणजे चांगला, ‘मालबोना’ म्हणजे वाईट. शब्द बहुतेक युरोपातलेच, ही तक्रार मात्र रास्त आहे.