चावडीवरचा रेडिओ

१९५६ सालच्या फेब्रुवारी ते एप्रिल या दहा आठवड्यांत पुणे, अहमदनगर, नाशिक, कोल्हापूर आणि तेव्हाच्या उत्तर सातारा जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत आठवड्यातून दोनदा, दिवेलागणीच्या सुमारास, बारा ते वीस माणसांचं श्रोतामंडळ रेडिओभोवती जमायचं. पुणे केंद्रावरून खास त्यांच्यासाठी अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागायचा. विषय शेती, आरोग्य, शिक्षण, ग्रामपंचायत असे. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद व्हायचा आणि खरं काम तिथून पुढे सुरू व्हायचं. ऐकलं ते आपल्या गावाला लागू पडतं का, यावर बोलणं व्हायचं. लिहितावाचता येणारा एक जण निमंत्रक असायचा. काय ठरलं आणि काय अडलं हे तो कागदावर उतरवून पुण्याला पाठवायचा. प्रश्नांची उत्तरं पुढच्या एखाद्या कार्यक्रमात यायची.

अशा वीस बैठका झाल्या. महाराष्ट्राच्या खेड्यांत नवं माध्यम कसं शिरलं, हे समजून घ्यायचं तर या वीस संध्याकाळींपासून सुरुवात करावी, असं मला वाटतं.

रेडिओ तोवर आपल्याकडे जुना झाला होता. मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झालं, ते एका खासगी कंपनीकडून. ती कंपनी तीन वर्षांत बुडाली आणि प्रसारण सरकारकडे आलं. पुण्याचं केंद्र मात्र २ ऑक्टोबर १९५३ चं, म्हणजे या प्रयोगाच्या वेळी अडीच वर्षांचंही नव्हतं. त्याच केंद्रावरून त्याच महिन्यांत ‘गीतरामायण’ चालू होतं. शहरातल्या घरांत त्या गीतांसाठी माणसं रेडिओपाशी बसत होती. खेड्यांत बहुतेक ठिकाणी वीज नव्हती. व्हॉल्व्हचा जड सेट बॅटरीवर चालवायचा, आणि बॅटरी उतरली की सगळं गाव खोळंबायचं. घरोघरी रेडिओ ही कल्पनाच नव्हती. सेट गावाचा असायचा.

एकत्र ऐकून त्यावर बोलण्याची ही कल्पना मूळची कॅनडाची. तिथे १९४१ पासून शेतकरी हिवाळ्यात शेजाऱ्याच्या घरी जमून शेतीविषयक कार्यक्रम ऐकत आणि त्यावर चर्चा करत. वाचा, ऐका, बोला, करा, हे त्यांचं सूत्र होतं. युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीने ते इथे आणलं. त्या वेळी आकाशवाणीचे महासंचालक जगदीशचंद्र माथुर होते. काळही जुळून आला होता. सामूहिक विकास योजना १९५२ मध्ये सुरू झालेली, ग्रामसेवक गावोगाव फिरू लागलेले, दुसरी पंचवार्षिक योजना तोंडावर आलेली. सरकारला गावाशी बोलायचं होतं. गावाचं ऐकायचीही सोय केली, हे या प्रयोगाचं वेगळेपण.

निष्कर्ष तपासण्याचं काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होतं. व्हिएन्नाचे समाजशास्त्रज्ञ पॉल नॉयराथ तेव्हा तिथे होते. श्रोतामंडळ असलेली गावं, नुसता रेडिओ असलेली गावं आणि रेडिओच नसलेली गावं, अशी तुलना त्यांनी केली. आधी आणि नंतर तेच प्रश्न विचारले. मंडळाच्या गावांत माहिती चांगलीच वाढलेली दिसली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत जेमतेम फरक पडला होता. मला हा या सगळ्या कथेतला सर्वात मोलाचा भाग वाटतो. पेटी दोन्हीकडे सारखीच होती, आवाजही पुण्याचाच. फरक पडला तो नंतरच्या बोलण्याने. शाळेत न गेलेल्या माणसालाही तिथे शंका विचारता येत होती. ती लिहायला निमंत्रक होताच.

आणि प्रकरण माहितीवर थांबलं नाही. विहिरी खोदल्या गेल्या, जातिवंत वळू आणले गेले, लेगहॉर्न कोंबड्या घेतल्या गेल्या, विक्री सोसायट्या निघाल्या, बालवाड्या सुरू झाल्या. दहा आठवड्यांच्या मानाने हे फार आहे. मंडळ म्हणजे गावाचे निर्णय घेण्याची एक नवी जागाच झाली.

१९५९ पासून हीच योजना देशभर न्यायची ठरली. मंडळांची संख्या हजारोंनी वाढली, पण पुण्याच्या प्रयोगातली माया त्यात उतरली नाही. तिथे जिल्ह्याजिल्ह्याला संघटक होते, मंडळांकडे जातीने लक्ष होतं. नंतर सेट बिघडला की दुरुस्तीला माणूस मिळेना, ग्रामसेवकाच्या डोक्यावर आधीच ढीगभर कामं. प्रश्न पाठवला आणि उत्तरच आलं नाही, तर पुढच्या वेळी कोण कशाला लिहील?

त्यातच ट्रान्झिस्टर आला. पोस्टात फी भरून लायसन्स काढायचं, बारीक भोकांचं कातडी कव्हर घालायचं आणि तो घेऊन शेतावर जायचं. विहिरीवरच्या झाडाला टांगलेला, मोटेपाशी गाणारा ट्रान्झिस्टर. सेल उतरले की उन्हात ठेवून आणखी दोन दिवस काढायचे. माणूस हौसेने ऐकू लागला, आणि एकट्याने. शेतकऱ्यांना त्याचा फायदाही झाला. तमिळनाडूत तंजावरकडे साठच्या दशकात आलेल्या एका भाताच्या वाणाचा प्रसार रेडिओवरून इतका झाला, की लोक त्याला ‘रेडिओ भात’च म्हणू लागले. चावडीवरचं कोंडाळं मात्र पांगलं.

पुढे मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं आणि ‘आमची माती आमची माणसं’ पाहायला ग्रामपंचायतीच्या टीव्हीसमोर गाव पुन्हा एकत्र बसलं. घराघरांत संच आले तसं तेही संपलं. २००४ मध्ये किसान कॉल सेंटर आलं. फोन केला की आपल्या भाषेत सल्ला मिळतो. ही मोठीच सोय आहे. पण उत्तर ऐकतो तो एकटाच. शेजारच्या बांधावर तीच कीड पडलेली असली, तरी शेजाऱ्याला ते कळत नाही.

आता गावागावांत द्राक्षाचे, डाळिंबाचे, कांद्याचे व्हॉट्सॲप ग्रुप आहेत. कुणी करपलेल्या पानाचा फोटो टाकतो, दुसरा विचारतो, "पाणी कधी दिलं होतं?" तिसरा औषधाचं नाव सांगतो, चौथा म्हणतो, "थांब, संध्याकाळी येऊन बघतो."