घरभेटीतला पालकांचा सहभाग आणि पालकांशी भागीदारी

बसणे, चालणे, बोलणे असे विकासाचे टप्पे उशिरा गाठणाऱ्या बाळासाठी बालविकासाची कार्यकर्ती घरी येते, तेव्हा आई शेजारी बसते, सांगितलेले व्यायाम करून दाखवते आणि वहीत उतरवूनही घेते. हा पालकांचा सहभाग झाला. भागीदारी अजून सुरू व्हायची आहे. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, त्यामुळे सहभागावरच समाधान मानले जाते.

सहभागात बाळाने काय शिकायचे हे कार्यकर्ती ठरवून येते, तर भागीदारीत ते घराच्या दिनक्रमातून ठरते. बडोद्यात दांडिया बाजारातले एखादे एकत्र मराठी कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. दीड वर्षाचे बाळ आधाराशिवाय बसत नाही. रोज दोनदा बसण्याचा सराव घ्या, ही सूचना चुकीची नाही. परंतु डबे, पाणी आणि थोरल्या मुलाची शाळा सांभाळणाऱ्या आईला ती पाळणे अवघड जाते. ‘ताई, दिवसातली कोणती वेळ सर्वांत जड जाते?’ असे विचारले, तर कळते की जेवताना बाळाला मांडीवर सावरत एका हाताने भरवावे लागते. मग भिंतीच्या कोपऱ्यात, दोन्ही बाजूंना उशा लावून जेवायला बसवणे हेच उद्दिष्ट होते आणि सराव जेवणातच होतो. आंघोळ आजी घालत असतील, तर त्यांना काही शिकवण्याआधी, तेल लावताना बाळ कुठे आखडते आणि कशाला हसते, हे त्यांच्याकडूनच समजून घ्यावे. आठवड्यात एक तासाची भेट आणि दिवसाला सुमारे १२ तास जागे असणारे बाळ, असा हिशेब केला तर ८४ पैकी ८३ तास घरच्यांच्याच हाती असतात.

भाषेचेही तसेच आहे. घरी मराठी, अंगणवाडीत गुजराती, म्हणून ‘एकच भाषा बोला’ असे सांगू नये. दोन भाषा कानावर पडल्याने विकास मागे पडत नाही. उलट अशा सल्ल्याने बाळाशी सर्वाधिक बोलणारी आजीच गप्प होण्याची भीती असते.

अर्थात, भागीदारी म्हणजे प्रत्येक गोष्टीला होकार नव्हे. झटके येणे, भरवताना वारंवार ठसका लागणे किंवा आलेले कौशल्य नाहीसे होणे, अशा वेळी डॉक्टरांकडे न्यायलाच हवे, हे स्पष्ट सांगावे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात पुढील तपासणीसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची, म्हणजे विकासातल्या अडचणी लवकर ओळखून मदत करणाऱ्या केंद्रांची, तरतूद आहे. आशा कार्यकर्तीच्या नवजात भेटीही वेगळ्या: त्यांत काय पाहायचे हे आधीच ठरलेले असते, आणि वजन, ताप, स्तनपान पाहायचेच असते.

विकासाच्या घरभेटीत मात्र पुढच्या वेळी ‘व्यायाम केले का?’ याऐवजी ‘जेवताना काय जमले, काय सोडून द्यावे लागले?’ असे विचारावे, आणि जे सोडून द्यावे लागले ते आईचा दोष न मानता योजनेतूनच बदलावे.