मोबाइलचा विमा: पात्रता, वजावट, दाव्याची प्रक्रिया आणि कागदपत्रे

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर नवा मोबाइल घेताना बिलात विम्याची रक्कम धरली जाते आणि तिच्याबद्दलचे बोलणे बहुधा एका वाक्यात आटोपते: "वर्षभर काहीही झालं तरी कंपनी देते." दावा मात्र या वाक्यावर ठरत नाही. तो विमा प्रमाणपत्रात काय छापले आहे यावर ठरतो. दाव्यांवरून होणारे बहुतेक वाद या दोहोंमधील तफावतीतून निर्माण होतात.

म्हणून आपल्या हातात नेमके काय आहे, हे आधी तपासावे. वॉरंटी ही उत्पादनातील दोषापुरती असते. मोबाइल पडून फुटला किंवा विहिरीवर पंप सुरू करताना पाण्यात गेला, तर तिचा उपयोग होत नाही. दुकानदार किंवा मोबाइल कंपनी स्वतः देते ती 'प्रोटेक्शन योजना' हा सेवा करार असतो, विमा नव्हे. त्यामुळे तिच्याबद्दलची तक्रार विमा नियामकाकडे चालत नाही. खऱ्या विम्याच्या प्रमाणपत्रावर विमा कंपनीचे नाव, पॉलिसी क्रमांक, विम्याचा कालावधी आणि मोबाइलचा आयएमईआय क्रमांक, म्हणजे प्रत्येक हँडसेटचा वेगळा ओळख क्रमांक, असतो. अनेक योजनांत मूळ पॉलिसी विक्रेत्याच्या नावावर असते व ग्राहकाला केवळ प्रमाणपत्र मिळते. ते मोबाइलवर आले नसेल, तर त्याच आठवड्यात दुकानातून मागून घ्यावे, आणि सोबत अटींची पूर्ण प्रतही मागावी.

पात्रता

विमा सहसा नव्या मोबाइललाच आणि खरेदीच्या वेळी किंवा त्यानंतरच्या ठरावीक दिवसांतच मिळतो. जुना घेतलेला मोबाइल बहुतेक योजनांत बसत नाही. बिलावरील नाव, प्रमाणपत्रावरील नाव आणि दावा करणाऱ्याचे नाव एकच असावे लागते. आपल्याकडे हप्त्यावरचा मोबाइल वडिलांच्या किंवा काकांच्या नावावर घेतला जातो आणि वापरतो तो शिक्षणासाठी जळगावला राहणारा मुलगा. अशा वेळी कुटुंबातील व्यक्तीच्या हातून झालेले नुकसान विम्यात धरले आहे का, हे वाचून घ्यावे. धरलेले असले तरी दावा मूळ नावाच्या व्यक्तीनेच करायचा असतो. वॉरंटीत मोबाइल बदलून मिळाला, तर आयएमईआय बदलतो. तो बदल विमा कंपनीकडून प्रमाणपत्रावर नोंदवून घेतला नाही, तर पुढचा दावा अडतो.

वजावट म्हणजे काय आणि ती कशी मोजतात

वजावट, म्हणजे डिडक्टिबल, ही नुकसानीतील ग्राहकाने स्वतः सोसायची रक्कम आहे. ती विम्याच्या हप्त्यात मोडत नाही आणि प्रत्येक दाव्याला नव्याने लागते. ही वजावट घेणे म्हणजे फसवणूक आहे, असे पुष्कळांना वाटते. पण ती अटींत लिहिलेली असेल, तर कंपनी ती घेऊ शकते. ती विक्रीच्या वेळी सांगितली न जाणे, हा खरा अन्याय आहे.

समजा, मोबाइल २०,००० रुपयांचा आहे, स्क्रीन फुटली आहे आणि अधिकृत सेवा केंद्राने ६,५०० रुपये खर्च सांगितला आहे. वजावट सरसकट १,००० रुपये असेल, तर कंपनी ५,५०० रुपये देईल. ती 'दाव्याच्या रकमेच्या १० टक्के' असेल, तर आपल्याला ६५० रुपयेच भरावे लागतील. पण 'विमा रकमेच्या', म्हणजे मोबाइल जेवढ्या रकमेला विमा उतरवला आहे त्या २०,००० रुपयांच्या, '१० टक्के' असे लिहिलेले असेल, तर त्याच स्क्रीनसाठी आपले २,००० रुपये जातील. टक्केवारी तीच राहिली तरी ती कशावर मोजायची हे बदलले की आपला खर्च तिपटीने वाढतो. माझे स्पष्ट मत असे की, किरकोळ दुरुस्तीचीच शक्यता जास्त असलेल्या स्वस्त मोबाइलसाठी विमा रकमेवर वजावट मोजणारी योजना घेऊ नये. दुरुस्तीचा खर्च वजावटीपेक्षा कमी असेल, तर काहीच मिळत नाही.

मोबाइल पूर्ण निकामी झाला किंवा चोरीला गेला, तर वजावटीच्या आधी घसारा, म्हणजे वापरामुळे मोबाइलची कमी झालेली किंमत, लागू शकतो. नवव्या महिन्यात ३० टक्के घसारा लिहिलेला असेल, तर २०,००० मधून ६,००० वजा होऊन १४,००० उरतात आणि १,००० रुपयांची वजावट गेल्यावर हाती १३,००० रुपये येतात. आधी एखादा दावा मिळालेला असेल, तर काही पॉलिसींत तेवढी रक्कम एकूण विमा रकमेतून कमी झालेली असते.

बॅटरीची नेहमीची झीज, ओरखडे, चार्जर-हेडफोन आणि अनधिकृत दुकानात उघडलेला मोबाइल या गोष्टी सहसा विम्यात धरत नाहीत. मे महिन्याच्या उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर राहून बॅटरी फुगली, तर तो अपघात मानला जाईलच असे धरून चालू नये.

चोरी आणि गहाळ होणे

सारंगखेड्याच्या यात्रेत गर्दीत खिशातून मोबाइल गेला, तर आपल्या दृष्टीने ती चोरीच असते. मात्र काही पॉलिसींत कुलूप तोडून किंवा बळजबरीने झालेली चोरीच धरलेली असते, काहींत साधी चोरीही धरतात, आणि विसरून राहिलेला मोबाइल बहुतेक कोणीच धरत नाही. विमा घेण्यापूर्वी वाचायचे एकच कलम निवडायचे झाले, तर मी हे निवडेन.

पोलीस ठाण्यात घाईघाईने 'गहाळ' अशी नोंद करून घेतली जाते आणि पुढे तिच्याच आधारे दावा नाकारला जातो. चोरी झाली असेल, तर घडले तसे सांगून चोरीचीच फिर्याद नोंदवावी. घडले नसेल ते मात्र सांगू नये. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी फिर्याद देता येते आणि तिची प्रत विनामूल्य मिळते. त्यामुळे रेल्वेत भुसावळच्या पुढे मोबाइल गेल्याचे नंदुरबारला उतरल्यावर लक्षात आले, तरी तेथील लोहमार्ग पोलिसांकडे तक्रार देता येते.

त्यानंतर त्याच क्रमांकाचे नवे सिम घ्यावे आणि 'संचार साथी' संकेतस्थळावर आयएमईआय बंद करण्याचा अर्ज भरावा. त्यासाठी पोलीस तक्रारीची प्रत, खरेदीचे बिल आणि ओळखपत्र लागते. मोबाइल हाती असतानाच स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबून दिसणारे दोन्ही आयएमईआय वहीत लिहून ठेवावेत.

दावा आणि कागदपत्रे

घटना कळवण्याची मुदत प्रमाणपत्रात दिलेली असते. ती अनेकदा २४ किंवा ४८ तासांची असते. अक्कलकुवा किंवा धडगावच्या माणसाला एवढ्या वेळेत शहरातील सेवा केंद्र गाठणे अवघड असते. परंतु कळवणे आणि मोबाइल जमा करणे या वेगळ्या गोष्टी आहेत. कळवण्याचे काम फोन, ईमेल किंवा अॅपवरून घरबसल्या होते आणि दावा क्रमांक मिळाला की मुदत पाळल्याचा पुरावा हाती येतो. अपरिहार्य कारणाने उशीर झाला, तर केवळ त्यामुळे खरा दावा फेटाळू नये, अशी सूचना विमा नियामकाने २० सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकातच दिली आहे. कारण मात्र लेखी कळवावे.

सही केलेला दावा अर्ज, विमा प्रमाणपत्र, आयएमईआय असलेले खरेदीचे बिल, ओळखपत्र, बँक खात्याचा तपशील, फुटलेल्या मोबाइलची छायाचित्रे आणि अधिकृत सेवा केंद्राचे खर्चाचे अंदाजपत्रक, एवढी कागदपत्रे सहसा लागतात. चोरी असल्यास फिर्यादीची प्रत आणि मोबाइल बंद केल्याची नोंद जोडावी. घटनेचे वर्णन दोन-तीन वाक्यांत, वेळ व ठिकाणासह लिहावे आणि पोलिसांत, सेवा केंद्रात व अर्जात तेच लिहावे. कंपनीची मंजुरी येण्यापूर्वी मोबाइल दुरुस्त करू नये. शेजारच्या दुकानात स्क्रीन बदलून नंतर बिल पाठवणाऱ्यांचे दावे याच कारणाने बाद होतात.

दावा नाकारला तर

नकार लेखी मागावा आणि त्यात पॉलिसीचे कोणते कलम लावले आहे, ते पाहावे. प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. दाद न मिळाल्यास 'बिमा भरोसा' या संकेतस्थळावर किंवा १५५२५५ या क्रमांकावर विमा नियामकाकडे तक्रार नोंदवता येते. कंपनीने महिनाभरात उत्तर दिले नाही किंवा उत्तर समाधानकारक नसेल, तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींवर निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येते. खान्देशासाठी पुण्याचे कार्यालय आहे. तेथे शुल्क लागत नाही आणि वकिलाची गरज नसते.

विम्याऐवजी सेवा करार असेल, तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आणि जिल्हा ग्राहक आयोग हा मार्ग आहे. विम्याचा वादही आयोगाकडे नेता येतो, पण तोच वाद आयोगासमोर चालू असताना लोकपाल तो ऐकत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत अर्ज करावा लागतो आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. कंपनीचे कार्यालय मुंबईत किंवा बंगळूरूत असले तरी ग्राहक जेथे राहतो किंवा काम करतो तेथील आयोगाकडे तक्रार करण्याचा हक्क हा कायदा देतो, त्यामुळे शहाद्याच्या माणसाला ती नंदुरबारला, शिरपूरच्या माणसाला धुळ्याला आणि चोपड्याच्या माणसाला जळगावला दाखल करता येते.