नदीतल्या बुडित युद्धनौकेवर उत्खनन : अमेरिकी नौदलाच्या परवान्याचा अर्ज नेमका कुठे अडतो

अमेरिकेतल्या नद्यांच्या गाळात यादवी युद्धातल्या (१८६१-६५) कितीतरी नौका पडून आहेत. त्यांना हात लावायचा तर बुडित लष्करी जहाजांच्या २००४ च्या कायद्याखाली परवाना लागतो. तो फक्त पुरातत्त्व, इतिहास किंवा शिक्षणासाठीच मिळतो. नुसती बुडी मारून पाहायला, फोटो घ्यायला, सोनारने, म्हणजे ध्वनिलहरींच्या यंत्राने, तळ तपासायला तो लागत नाही. गाळ उपसल्यामुळे सांगाड्याची स्थिती बदलली, तर मात्र ती ढवळाढवळ ठरते आणि परवाना लागतो. परवान्याशिवाय केल्यास २००४ च्या मूळ कायद्यात दंड एका उल्लंघनाला एक लाख डॉलरपर्यंत होता, आणि प्रत्येक दिवस वेगळे उल्लंघन.

अर्ज वॉशिंग्टनच्या नेव्ही यार्डातल्या नौदल इतिहास व वारसा कार्यालयाच्या जलपुरातत्त्व शाखेकडे जातो. संशोधनाचा हेतू, पद्धत, नकाशे ही नेहमीची कागदपत्रे बहुतेकांकडे असतात. नसतो तो जहाजाच्या मालकीचा पुरावा.

नौदलाचा परवाना नौदलाच्या अखत्यारीतल्या जहाजांपुरताच चालतो. मिसिसिपी खोऱ्यातल्या गनबोटींचा ताफा ऑक्टोबर १८६२ पर्यंत भूदलाच्या ताब्यात होता. शिवाय भाड्याने घेतलेल्या खासगी आगबोटी होत्याच. म्हणून बुडाले त्या दिवशी जहाज कोणाचे होते आणि कोणत्या कामावर होते, हे राष्ट्रीय अभिलेखागारातल्या कागदांवरून दाखवावे लागते. दीडशे वर्षे उलटली म्हणून सरकारचा हक्क संपत नाही. तो स्पष्टपणे सोडलेला असेल तरच संपतो, आणि युद्धानंतर काही सांगाडे भंगारासाठी विकले गेले होते, त्यामुळे विक्रीची कागदपत्रेही तपासा. कॉन्फेडरेट, म्हणजे फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांच्या, नौकांवरही अमेरिकी सरकारचाच हक्क आहे.

दुसरी गोची नदीची. जहाज केंद्र सरकारचे, पण नौकानयनयोग्य नदीचा तळ बहुधा राज्याचा. राज्याची परवानगी वेगळी, खोदकामासाठी लष्कराच्या अभियंता विभागाची वेगळी. राज्याच्या वारसा अधिकाऱ्याला अभिप्रायासाठी ३० दिवस असतात, पण ते कागद पूर्ण पोचल्यावर मोजायचे. एकच नौका, इतकी दारे. हे कोणी एका जागी लिहून दिले असते तर निम्मे अर्ज परत आले नसते.

अर्ज इच्छित तारखेच्या किमान १२० दिवस आधी द्यायचा. १ सप्टेंबरला, पाणी उतरल्यावर, काम धरायचे तर ४ मे ही शेवटची तारीख झाली. पण त्या दिवशी अर्धवट अर्ज दिला तर हंगाम हातचा गेला असे समजा. जानेवारीतच द्या.

मुख्य संशोधकाकडे पुरातत्त्वातली पदव्युत्तर पदवी आणि अनुभव हवा. हौशी पाणबुड्यांनो, यावर नाराज होऊ नका, विद्यापीठाला सोबत घ्या.

सर्वात जास्त दुर्लक्ष होते ते जतनाच्या खर्चाकडे. वर काढलेल्या वस्तू नौदलाच्याच राहतात, पण त्या टिकवण्याचा खर्च तुमचा. पाण्यात भिजलेले लाकूड पॉलिएथिलीन ग्लायकॉल या मेणासारख्या रसायनात वर्षानुवर्षे ठेवावे लागते, लोखंडातला क्षार हळूहळू काढावा लागतो. बोटीचे भाडे, डायव्हरचे पगार असतात आणि प्रयोगशाळेच्या रकान्यात शून्य, असा अर्ज टिकत नाही. १८६२ मध्ये याझू नदीत बुडालेली 'केरो' ही गनबोट १९६४ मध्ये उचलताना तारांनी लाकडी सांगाडा कापला गेला आणि तिचे तुकडे झाले. ही कसून चौकशी विनाकारण नाही.

जिवंत तोफगोळे आणि मानवी अवशेष सापडले तर काय करणार, हेही लिहून द्या. अवशेष दिसताच काम थांबवून कळवायचे असते.

परवाना साधारण एका वर्षाचा. पुरामुळे काम रखडलेच तर मुदतवाढीचा अर्ज तो संपण्याआधीच पोचता करा.