वेबचं जाळं वेगळं, इंटरनेटचं वेगळं

सातबाऱ्याचं पान गोल गोल फिरत राहिलं की सेवा केंद्रातला पोरगा कास्तकाराला सांगून मोकळा होतो, "नेट गेलं काकाजी, उद्या या." त्याच वेळी त्याच्या मोबाईलवर व्हॉट्सॲप वाजत असतं. नेट कुठंही गेलेलं नसतं, बसलेली असते एक वेबसाइट. इंटरनेट म्हणजे केबल, टॉवर आणि डेटाला पुढची वाट दाखवणारे डबे, म्हणजे राउटर. वेब म्हणजे त्यावरून येणारी पानं आणि त्यांच्यातल्या लिंका. इंटरनेटचं पूर्वज जाळं अर्पानेट १९६९चं, वेबचा प्रस्ताव टिम बर्नर्स-लींचा, १९८९चा. हे बीसीएच्या पोरांना पाठ असतं, सोडा.

खरी गफलत शिकलेसवरलेले करतात. 'इंटरनेटची रचना' म्हटलं की सेमिनारमध्ये जो तो एकच चित्र लावतो: मधोमध मोठाले हब, म्हणजे ढीगभर जोडण्यांचे ठिपके, भोवती बारीक ठिपके, खाली 'हब पाडले की इंटरनेट कोसळतं'. अल्बर्ट, जिओंग आणि बाराबाशी या भौतिकशास्त्रज्ञांनी २००० साली 'नेचर'मध्ये हा निष्कर्ष वेब आणि इंटरनेट दोन्हींना लावला, तेव्हापासून हे सुरू आहे. वेबवर असे हब आहेतच. लिंक द्यायला छदाम लागत नाही, त्यामुळे एकाच पानाकडे लाखो लिंका येऊ शकतात.

राउटरला ही चैन परवडत नाही. एका डब्यातून सेकंदाला किती डेटा जाईल याला हद्द असते. त्या हद्दीत एकतर पुष्कळ बारीक जोडण्या द्या, नाहीतर मोजक्या जाड. भारतनेट ही ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेणारी सरकारी योजना. तालुक्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमधलं तिचं ओएलटी, म्हणजे जिथून हे फायबर निघतात तो डबा, बघा. एकेका फायबरला स्प्लिटरने फाटे फोडून ते कितीतरी ग्रामपंचायती सांभाळतं. नुसत्या जोडण्या मोजल्या तर हब हेच! पण जेसीबीने त्याची मुख्य केबल उखडली तर बसतील त्या ग्रामपंचायती. नागपूरला पत्ताही लागणार नाही. मोठ्या शहरांना जोडणाऱ्या मुख्य राउटरला जोडण्या थोड्याच असतात, पण जाडजूड. जॉन डॉयल, वॉल्टर विलिंजर आणि त्यांच्या सोबत्यांनी २००५ मध्ये अमेरिकी विद्यापीठांच्या 'अबिलीन' जाळ्याच्या आधारे हेच मांडलं: भरपूर जोडण्यांचे डबे काठावर असतात, गाभ्यात नाही. भौतिकशास्त्रवाल्यांनी आधी इंजिनिअरला विचारलं असतं तर बरं झालं असतं.

आणि ट्रेसरूट, म्हणजे डेटाच्या वाटेतले थांबे दाखवणारा प्रोग्राम, चालवून 'इंटरनेटचा नकाशा काढला' म्हणणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार. ट्रेसरूट पत्ते दाखवतो, डबे नाही. एकाच राउटरचे चार पोर्ट चार पत्ते सांगतात. राउटरांना आपसात जोडणारी मधली स्विचची यंत्रणा तर त्याला दिसतच नाही, म्हणून तिला जोडलेले सगळे राउटर एकमेकांना थेट जोडल्यासारखे भासतात, आणि नकाशावर नसलेला हब उगवतो.