पन्हाळा: नांदत्या गडाची डागडुजी

सह्याद्रीतले बहुतेक गड लढाया संपल्यावर ओस पडले. कोल्हापूरपासून जेमतेम २० किलोमीटरवरचा पन्हाळा मात्र नांदता राहिला. आज तिथे तालुक्याचे ठाणे आहे, नगरपरिषद आहे, घरे-दुकाने आहेत. त्यामुळे इथली डागडुजी निर्जन किल्ल्याच्या डागडुजीहून अवघड जाते.

शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळात, बाराव्या शतकाच्या अखेरीस, हे राजधानीचे ठिकाण होते. पुढे यादव, बहमनी, आदिलशाही. तटबंदीचा आणि तीन दरवाजाचा आजचा भरभक्कम बाज बऱ्याच अंशी आदिलशाहीचा. १६५९ च्या नोव्हेंबरात गड शिवरायांकडे आला, १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यानंतर गेला, १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदाने मोजक्या माणसांनिशी परत घेतला. १७०१ मध्ये तो औरंगजेबाच्या हाती पडला, मराठ्यांकडे परत आल्यावर ताराबाईंनी इथूनच कारभार केला. १७८२ मध्ये राजधानी खाली कोल्हापुरात हलली. १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर इंग्रजांनी चार दरवाजा पाडला. त्याची भग्न जागा गडावर शिरतानाच दिसते.

माणसांनी पाडले त्याहून जास्त पाण्याने पाडले आहे. माथ्यावर जांभ्याची टोपी, खाली काळा पाषाण. जांभा सच्छिद्र, पावसाचे पाणी त्यातून झिरपते आणि खालच्या चिकण थरावर अडून कडेला फुटते. नागझरीसारखे जिवंत झरे हे त्याचे सुख, सुटणाऱ्या कडा हे दुःख. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत गडावर येणारा रस्ताच खचला.

तटाची भिंत म्हणजे दोन बाजूंना घडीव दगड आणि मध्ये दगडमातीचा भराव. भरावात पाणी साठले की भिंतीला पोट येते. अशा वेळी वरून सिमेंट थापणे हा सर्वांत वाईट उपाय: वाफ आतच कोंडते, क्षार दगडाच्या तोंडाशी येतात आणि सांध्याऐवजी दगडच झडू लागतो. योग्य रीत वेळखाऊ आहे. आधी फुगलेल्या भागातल्या प्रत्येक दगडावर क्रमांक टाकून फोटो घ्यायचा, मग वरून एकेक थर उतरवायचा. भराव पुन्हा घालताना ठरावीक अंतरावर भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड बसवायचे आणि पायथ्याशी पाणी निसटायला भोके ठेवायची. ही भोके विसरली की दोन-चार पावसाळ्यांत पोट पुन्हा येते.

सिमेंटऐवजी वापरायचा चुना मुरवलेला हवा. ताजा विरवलेला चुना भिंतीत गेल्यावर फुगतो. एक भाग चुन्याला दोन ते अडीच भाग वाळू-सुरखी (विटांची भुकटी), चुन्याच्या घाण्यात मळून, गूळ आणि हिरड्याच्या पाण्यासह. नंतर किमान पंधरवडाभर ओली पोती. म्हणून हे काम ऑक्टोबर ते मेच्या सुरुवातीपर्यंतच. पिंपळाचे मूळ उपटायचे नाही, त्याच्याबरोबर दगड हलतो. बुंधा कापून मूळ औषधाने मारायचे आणि पोकळी चुन्याने भरायची.

अंबारखान्यात वेगळीच काळजी. गंगा, यमुना, सरस्वती या कोठारांच्या घुमटांना धान्य ओतण्यासाठी भोके ठेवलेली आहेत. ती बुजवली तर आतला दमट वारा अडतो, उघडी सोडली तर पाऊस आत. वर पावसापासून आडोसा देऊन बाजूने हवा खेळती ठेवावी लागते.

जुलै २०२५ मध्ये पन्हाळा मराठा लष्करी स्थापत्याच्या १२ किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारसा यादीत गेला. गावकऱ्यांची धास्ती मात्र जुनीच आहे. केंद्र संरक्षित वास्तूपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम बंद, त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी घेऊनच. इथे वास्तू गावभर विखुरलेल्या, त्यामुळे छपराचे पत्रे बदलायचे असले तरी आधी कुठल्या वास्तूपासून किती अंतर ते मोजून अर्ज करावा लागतो.