मुंगसाला नागाचं विष का चढत नाही?

नागाशी झुंज झाली की मुंगूस रानात जाऊन कसलीशी मुळी खातं आणि विष उतरवतं, असं कोकणात अजूनही ठामपणे सांगतात. ती मुळी देणारेही भेटतात. मुंगसाला मुळीची गरजच नाही. त्याचा बचाव त्याच्या स्नायूंत आहे, आणि तो कुठल्याही दंतकथेपेक्षा सुरस आहे.

आपण हात उचलतो तेव्हा चेतातंतूच्या टोकातून अ‍ॅसिटिलकोलिन या निरोप्या रसायनाचे रेणू सुटतात आणि समोरच्या स्नायूपेशीवरच्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप झेलणाऱ्या ग्राहीला, चिकटतात. हा रिसेप्टर म्हणजे पाच प्रथिनांनी कडं करून केलेली नळी. पाचांतली दोन ‘अल्फा’ प्रकारची, आणि प्रत्येक अल्फाच्या कडेला एक खाच. एक खाच भरून सहसा भागत नाही. दोन्हींत रेणू बसले की पाचही प्रथिनं किंचित पिळवटतात आणि मधली वाट मोकळी होते. खारबांधाची उघाडी, म्हणजे पाणी सोडायची झडप, उघडावी तशी, फक्त इथे खारं आत घ्यायचं असतं. वाट उघडी राहते जेमतेम काही सहस्रांश सेकंद, पण तेवढ्यात सोडियमचे हजारो आयन आत शिरतात, पेशीचा विद्युतभार पालटतो आणि स्नायू आकसतो. लगोलग एक विकर (एन्झाइम) अ‍ॅसिटिलकोलिनचे तुकडे करतं, म्हणून हात पुन्हा सैल सोडता येतो.

नागाच्या विषातलं अल्फा-न्यूरोटॉक्सिन हे प्रथिन नेमकं त्या खाचेवर ठाण मांडतं. ते वाट उघडत नाही आणि जागाही सहजी सोडत नाही. आधी पापण्या मिटू लागतात, मग गिळता येत नाही, शेवटी श्वासाचे स्नायू थकतात.

मुंगसाची खाच वेगळी असल्याचं १९९२ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ; मुंगसाच्या अल्फा प्रथिनात १८७व्या जागी अ‍ॅस्पॅरजिन हे अमिनो आम्ल असून त्याला शर्करेची साखळी जोडलेली असते, शिवाय १९४ आणि १९७व्या जागची प्रोलीन ही अमिनो आम्लं बदललेली असतात. त्यामुळे विषाचं मोठं प्रथिन तिथे नीट टेकत नाही, इवलंसं अ‍ॅसिटिलकोलिन मात्र बसतं. नागाच्या स्वतःच्या रिसेप्टरवरही अशीच साखळी असते!

ही रचना जनुकांतून येते, मुळी खाऊन नाही. मांत्रिकाच्या हातून ‘बरे झालेले’ बहुतेक जण बिनविषारी सापाने चावलेले असतात, किंवा दंशात विष उतरलेलंच नसतं. नाग खरोखर चावला असेल तर प्रतिसर्पविष रक्तातलं विष बांधून टाकतं. निओस्टिग्मीन हे औषध अ‍ॅसिटिलकोलिन तोडणाऱ्या विकराला रोखतं, त्यामुळे अ‍ॅसिटिलकोलिन साठून विषाशी जागेसाठी झगडू शकतं. रिसेप्टर मोकळे होईपर्यंत श्वास व्हेंटिलेटर चालवतो, म्हणून वाडीवरून गाडी निघाली की ती थेट ही सोय असलेल्या रुग्णालयातच न्यावी.